नऊ मतं कमी

जर्मनीतल्या झारलँडच्या प्रांतिक निवडणुकीत रोस्विताच्या छोट्या पक्षाला पाच टक्के गाठायला नऊ मतं कमी पडली. पाच टक्क्यांखाली एकही जागा मिळत नाही, त्यामुळे पक्षाच्या उमेदवारयादीत दुसरी असूनही ती घरीच बसली.

फेरमोजणीतही तेच निघालं. मग ती वृद्धाश्रमात आईकडे गेली.

"आम्ही अकराजणींनी टपालानं तुलाच मत दिलं," आई खुशीत म्हणाली. "फुलीशेजारी तुझं नाव फारच बारीक छापलेलं. मग मी सगळ्यांना ते खाली ठळक लिहायला लावलं!"

रोस्वितानं आईच्या डोळ्यांवरचा चष्मा काढून घेतला. फुलीखेरीज काहीही लिहिलेली मतपत्रिका बाद होते.

"काही चुकलं का गं?"

"नाही गं आई," म्हणत ती आईचा चष्मा पुसत राहिली.