वेताच्या खुर्चीवरची गादी

मित्रांनो, मी एक जुनी, वेताने विणलेली सागवानी खुर्ची आहे. आधी पाठ सरळ करून बसा, मग ऐका.

मला ज्ञानदेव यांनी विणले. त्यांना दिसत नसे. चौकटीची भोके बोटांनी चाचपून ते ओला वेत ओवत. वीण पुरी झाली की वर तळहात धरून खालून फुंकर मारत. फुंकर हाताला लागली, तरच खुर्ची दुकानाबाहेर जाई. "बसणाऱ्याची ऊब अडता कामा नये," असा त्यांचा दंडक होता.

कर्वेनगरच्या सुशीलाबाईंनी तीस वर्षे माझ्यावर बसून शाळेच्या वह्या तपासल्या. वैशाखातही त्यांचे पातळ अंगाला चिकटले नाही. "तिथे नको, ती माझी जागा आहे," असे त्या पाहुण्यांनाही बजावत. एवढा मान मला पुरे होता.

पुढे त्यांची हाडे दुखू लागली. सूनबाई पूर्वाने प्रेमाने फोमची जाड गादी आणली. तिच्यावरचे प्लॅस्टिक मात्र सुशीलाबाईंनी काढू दिले नाही. "राहू दे. नवी आहे, मळेल."

त्या दिवशी माझी सगळी भोके बुजली. मग एप्रिल आला.

"अहो आई, पंखा पाचवर आहे!"

"पंखा डोक्यावर आहे, पूर्वा. घाम खाली येतोय. ही खुर्ची हल्ली तापते."

तापते? मी?

माझी रवानगी बाल्कनीत झाली. गादी आतच राहिली, नव्या खुर्चीवर. सुशीलाबाई दर दहा मिनिटांनी उठून पदर झटकताना मला काचेतून दिसत. वर्षभर माझ्यावर रद्दीखेरीज कोणी बसले नाही.

अखेर भंगारवाले बजरंग आले. जिना चढून दमले होते. मला आधीच दारात आणून ठेवले होते, तिथेच ते माझ्यावर टेकले.

"आज्जी, लई गार हाय की ही!"

माझी वीण ताठ झाली. आता त्या येतील, हात लावून पाहतील.

"गार? मी बसले आहे तिच्यावर. तुम्ही मला शिकवू नका."

दार लागले.

आता मी स्वारगेटजवळ बजरंगांच्या दुकानात, कुकरच्या झाकणांच्या ढिगाशेजारी आहे. वारा आरपार जातो. पण ज्यांच्यासाठी जावा, त्या इथे नाहीत. मित्रांनो, एखादी वस्तू बिघडली असे ठरवण्याआधी तिच्यावर आपण काय घातले आहे, ते उचलून पाहा. आणि कर्वेनगरला गेलात, तर सुशीलाबाईंना सांगा: हाडे दुखत असतील, तर जुन्या सुती पातळाची घडी घाला. निदान ते प्लॅस्टिक तरी काढा.