शेठच्या फळीवरची जाळी

ही गोष्ट उधव्यापासून कासापर्यंत कुणालाही सांगा, एक माणूस खरी मानणार नाही. आता या अंगणात दहा-बारा जण बसलेत, त्यांतलाही कुणी मानायचा नाही. अंगण ज्याचं आहे तो शुक्रा तर नाहीच नाही. तो पावसात भिजला तरी वर बघून खात्री करतो.

तलासरीच्या अलीकडे, हायवेला लागून, डब्यांची झाकणं बनवायचा एक कारखाना. तिथली प्रेस म्हणजे हत्तीच. धप्पकन पडली की खाली पत्र्याचं झाकण तयार, आणि दणका असा की तिकडे गुजरातेतल्या कोंबड्या वेळेआधी अंडं घालत. लडक्या तिथे मशिनी पुसायचा, तेल द्यायचा. त्याची बायको जिजा ठेकेदाराकडून त्याच प्रेसवर बसायची. हाताने पत्रा आत सरकवायचा, पायाने पट्टी दाबायची, झाकण ओढून घ्यायचं. दिवसभर हेच. प्रेसच्या तोंडाशी एक लोखंडी जाळी होती. ती खाली उतरल्याशिवाय प्रेस पडत नसे. हात आत असला की प्रेस गप्प.

जुन्या नोटा बंद झाल्या, त्याच्या आदल्या महिन्यातला दसरा. मशिनींची पूजा होती. लडक्याने जाळी सोडवली, रॉकेलने घासून चकचकीत केली. एवढी उजळलेली वस्तू जमिनीवर कशी ठेवायची? म्हणून त्याने ती ऑफिसात शेठच्या देवांशेजारी फळीवर ठेवली, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि बोलून बसला, "देवा, ही तुझी. आमच्या माणसांना सांभाळ."

तोंडातून गेलं ते गेलं.

दुसऱ्या दिवशी काम सुरू करायचं, तर विनोद सुपरवायझरने कुठलीशी तार कुठेतरी जोडली आणि प्रेस जाळीवाचून पडू लागली. संध्याकाळपर्यंत झाकणं दीडपट निघाली. लडक्या जाळी मागायला गेला तेव्हा शेठ अगरबत्ती ओवाळत होते, देवांना आणि जाळीलाही.

"लडक्या, देवाला वाहिलेलं तुमच्या पाड्यात परत घेतात काय रे?"

"नाय घेत, शेठ."

"मग मी कसं घेऊ? वापीला नवी सांगितलीय. येईल."

वापी तिथून तासाभराच्या वाटेवर. जाळी आठ महिने येत होती. तेवढ्यात माणूस काशीला चालत जाऊन, तिथे म्हैस पाळून, तिचं दूध विकून परत येतो.

लडक्याचं काळीज प्रेसबरोबर वरखाली व्हायचं. कारण नसताना तेलाची बुधली घेऊन तो जिजाच्या मागे जाऊन उभा राहायचा.

"मागं उभा नको राहू," जिजा म्हणायची. "तू असलास की माझं ध्यान तुझ्याकडं जातं."

"सोड ना हे काम."

"आणि बोर्डीला चिकूच्या वाडीत जाऊ? तिथं झाडावरून पडले तर खाली कोण जाळी धरतो?"

"मग मीच काढून आणतो फळीवरची."

"तू तोंडानं बोललास, देवाची म्हणून. आता काढलीस तर घरावर येईल."

"ठेकेदाराला का नाय बोलला तो?" शुक्रा विचारतो.

बोलला की. ठेकेदार म्हणाला, मशीन शेठचं. शेठ म्हणाले, बाया ठेकेदाराच्या. या दोघांच्या मधे लडक्याने इतके हेलपाटे घातले, की चपलेचे तळ झिजून गेले आणि शेवटी तो नुसते पट्टे घालून हिंडत होता.

मग जूनमध्ये कारखाने तपासणारा साहेब यायचा होता. त्या सकाळी शेठने स्वतः जाळी फळीवरून काढली, तेव्हा देवाला कुणी विचारलं नाही. विनोदने ती प्रेसला बसवली. साहेबाने वाकून पाहिलं, तर जाळीवर कुंकू आणि वर राख. साहेब खूश. "सुरक्षेची एवढी भक्ती मी कुठेच पाहिली नाही," म्हणाला, आणि फोटो काढून घेतला. लडक्या तीन पावलांवर उभा होता. एक वाक्य त्याने आठवडाभर घोकलं होतं: साहेब, ही रोज नसते. तोंड उघडणार, तेवढ्यात विनोदचा हात खांद्यावर आला.

"लडक्यादादा, जिजावहिनी पण इथेच कामाला आहेत ना?"

लडक्या बुधली घेऊन बाजूच्या मशिनीला तेल द्यायला वळला. साहेबाची गाडी गेटबाहेर पडली आणि जाळी पुन्हा फळीवर.

आता ऐका, न पटणारं ते इथून पुढे. चौथ्या दिवशी जिजाचा हात आत असताना पाय पट्टीवर पडला. प्रेस सुटली. आणि इकडे ऑफिसातली फळी थरथरली. जाळी उठली, अगरबत्तीच्या धुरासकट भिंतीवरून उडत आली आणि हात आणि प्रेस यांच्या मधे येऊन बसली. प्रेस जागच्या जागी थांबली. जिजाची बांगडीसुद्धा फुटली नाही. शेठ धावत आले, लडक्याच्या पाया पडले, त्याच पावली वापीला गेले आणि एकेका मशीनला दोन-दोन जाळ्या...

"खोटं," भिंतीला टेकून बसलेली जिजा म्हणाली. "जाळी फळीवरच होती. माझी तीन बोटं गेली. दवाखान्यात विनोदनं लिहून दिलं, घरी कोयता लागला. आणि त्या कागदाखाली अंगठा या लडक्याचा आहे."