पोटावरचा वळ

माझा राग नाकावर असतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे हॉस्पिटलातल्या त्या सिस्टरवर मी पहिल्या पाच मिनिटांतच खेकसलो. "पोरीला साधं खरचटलंसुद्धा नाही, सोडा ना आता घरी!"

सकाळी पुढचा ट्रक अचानक थांबला आणि माझी कार त्याच्यावर जाऊन आदळली. मागे बसलेली माझी सहा वर्षांची चिंगी धडधाकट दिसत होती. बायको ऑफिसातून धावत आली, लेकीला कवटाळून रडली. डॉक्टरही सोडायच्या बेतात होते.

सिस्टरने मात्र चिंगीचा फ्रॉक वर करून पाहिला. बेंबीच्या वर आडवा लालभडक वळ उमटला होता. "बूस्टर सीटवर बसली होती ना?"

"म्हणजे काय! रोजच बसते," मी ठोकून दिलं. खरं तर कारमध्ये लहान मुलांना उंच बसवायची ती सीट कव्हर धुवायला काढल्यामुळे घरीच राहिली होती. तीन जिने परत चढायचं माझ्या जिवावर आलं, आणि चिंगीला मी बजावलं होतं, आईला सांगायचं नाही.

"हो, बसले होते," चिंगी छताकडे बघत म्हणाली.

सिस्टरने पोट हलकेच दाबलं. "दुखतं?"

"नाही."

पण तिच्या पायाची बोटं आवळली गेली. बाप असून माझं लक्ष नव्हतं, सिस्टरचं होतं.

ती हुज्जत घालत बसली नाही. "दादा, बूस्टरवर मूल उंच बसतं, सीटबेल्टचा पट्टा मांड्यांवर राहतो. हा पोटात रुतलाय. आत काही फाटलं असेल तर आत्ताच कळायला हवं. मला कुणाची चूक काढायची नाहीये. डॉक्टरांना खरं काय ते सांगा."

बायको माझ्याकडे बघत होती. "सीट नव्हती," मी म्हणालो. "मी आणलीच नाही."

लगेच स्कॅन झालं. आतडं फाटलं होतं. दुपारी ऑपरेशन झालं. घरी नेली असती तर पोर हाती लागली नसती, असं डॉक्टर म्हणाले.

काय बाई होती ती! आवाजही न चढवता माझ्यासारख्या आडमुठ्याला तिने सरळ केलं. मी हात जोडले, तर म्हणाली, "जरा बाजूला व्हा, सलाईन बदलायचंय."

संध्याकाळी चिंगीने डोळे उघडले. "आईला कळलं?"

"हो. मीच सांगितलं."

तिने माझं बोट धरलं.

"मग आता मी सांगू, बाबा? सकाळपासून खूप दुखतंय."