पान त्रेचाळीस

मित्रांनो, मी एक जुना संशोधन अहवाल आहे. एकोणीसशे सत्त्याण्णव सालच्या मे महिन्यात मला लोकांनी वाचलं. आता हे वाक्य विसरून जा. कचेरीच्या नोंदीप्रमाणे मला आजवर कोणीही वाचलेलं नाही, आणि मी सरकारी कागद असल्यामुळे माझंही मत तेच आहे.

माझा जन्म पोशेरा गावात, धोंडीबाईच्या ओटीवर झाला. शहरातून एक संशोधक आले. नाचणीचं बी वर्षभर कसं टिकवता, असं त्यांनी विचारलं. धोंडीबाईला हे कधी कोणी विचारलंच नव्हतं. ती दोन दिवस बोलत होती. पुढे मी टाइप झालो, मला निळा पुठ्ठा मिळाला आणि मोठ्या साहेबांनी माझं फार कौतुक केलं. 'अत्यंत मौल्यवान,' असं म्हणून त्यांनी मला न उघडताच काचेच्या कपाटात उभं केलं. वर शिक्का मारला, 'फक्त कार्यालयीन उपयोगासाठी'. किल्ली हरवू नये म्हणून तीही माझ्याशेजारी ठेवली आणि दार ओढून घेतलं. कुलूप आपोआप लागणारं होतं.

सहा वर्षं मी आणि किल्ली एकमेकांकडे बघत होतो.

मग धोंडीबाई वारली. दुसऱ्याच वर्षी तिच्या सुनेच्या, रामीच्या मडक्यातल्या बियाला कीड लागली. निम्मं बी गेलं. पेरणीला महिना उरला होता. सासू बियात कसलासा पाला घालायची, एवढंच रामीला आठवत होतं. धोंडीबाईची मुलगी प्रगती लहानपणापासून आश्रमशाळेत. तिला संधी-समास यायचे, बियाचं काही यायचं नाही. पण सासूने हे सगळं शहरातल्या साहेबाला सांगितलं होतं, म्हणून दोघी कचेरीत आल्या.

"भाऊ, त्यात माझ्या सासूचा बोलना हाय," रामी म्हणाली. "नेत नाय. नुसता वाचून दाखवा."

लिपिक तुळशीदास सभ्य माणूस. "बाई, बाहेरच्यांना दाखवता येत नाही."

"बाहेरची कोन? तो सायब आमच्या ओटीवर भाकर खाऊन गेला!"

"त्याची पोच आहे का?"

पोच नव्हती. म्हणून अर्ज आला. पाड्यापाड्यांवरच्या दोनशे बारा माणसांनी अंगठे उठवले: 'आम्ही सांगितलेलं आम्हाला वाचू द्यावं.' अर्ज माझ्यापेक्षा जाड झाला. तुळशीदासने त्यावर क्रमांक घातला. अर्ज माझ्यासंबंधी, म्हणजे नियमाने तो माझ्याच कपाटात जायला हवा. कपाट तर उघडेना. त्याने तो दाराच्या वरच्या फटीतून आत ढकलला.

दोनशे बारा अंगठे थेट माझ्या डोक्यावर पडले. मी काचेवर आपटलो आणि तसाच उघडा, काचेला चिकटून राहिलो. पान बेचाळीस आणि त्रेचाळीस.

प्रगतीने काचेला नाक लावलं. "'मी निरगुडीचा पाला सावलीत वाळवते. बी, राख, पाला असे थर देते. मडक्याचं तोंड शेणाने लिंपते.' वहिनी, आई बोलते गं!" ती पुढे वाचू लागली आणि अडखळली. "'सुनेला ठाऊक नाही. विचारील तेव्हा सांगीन.'"

रामीने काचेवर हात ठेवला. "मीच इचारला नाय," ती म्हणाली.

तुळशीदासने खुर्ची भिंतीकडे फिरवली. "मी काही ऐकलं नाही. जरा हळू वाचा, लिहून घेतोय. साखरशेत गावी माझीही नाचणी आहे."

उरलेलं बी वाचलं. त्याला आता दहा वर्षं झाली. बाजाराच्या दिवशी लोक अजून काचेपाशी येतात. कचेरीने पाटी लावली आहे, 'कपाटाकडे पाहू नये.' उन्हाने माझी दोन पानं पिवळी पडली, बाकीची कोरी करकरीत आहेत. मित्रांनो, मौल्यवान वस्तू जपा, पण अशा जपू नका. ज्याने सांगितलं, त्याला आधी वाचू द्या.

तरी मा. साहेबांना नम्र विनंती की, मला बाहेर काढण्याचा आग्रह नाही. कपाट न उघडता माझं फक्त एक पान उलटण्यात यावं. त्रेचाळिसाव्या पानाच्या शेवटी धोंडीबाई 'आता भाताच्या बियाचं सांगायचं तर' इथपर्यंत आलेली आहे. कळावे.