चार तासांच्या वाटेवरची बॅग

मी बॅग बोलतेय. निळी, टणक पाठीची. हँडलला विमानतळाच्या चिठ्ठीचा तुकडा अजून चिकटलेला आहे. तो कुणी काढला नाही आणि मला काढता येत नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, आठवत नाही. आठवतं ते रोह्याच्या बाजारातलं दुकान आणि माझी चेन पुन्हापुन्हा उघडून बघणारी, जवळच्या अष्टमी गावची आमनाबी. तिचा मुलगा जुहेब एसी दुरुस्तीच्या कामाला कुवेतला निघाला होता.

"मजबूत हाय ना? लांब जायचंय हिला," तिने दुकानदाराला विचारलं.

मुंबई ते कुवेत, पावणेतीन हजार किलोमीटर. जुहेब मात्र अंतर तासांत सांगायचा. "चार तास, अम्मी! तू जेवून आडवी झालीस की मी पोचलो." जाताना माझ्यात पोह्याचे पापड आणि सुकट, येताना खजूर आणि अत्तर. दोन्हीकडे मला फेकणारे हात सारखेच.

मग आमचं येणंच थांबलं. एका गच्चीवर काम करताना जुहेब शिडीसकट खाली आला. डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. कंपनीने त्याला ऑफिसात गिऱ्हाइकांचे फोन घ्यायला बसवलं. घरी तो एवढंच सांगायचा, "सुट्टी नाय मिळत." बोलताना फोनचा कॅमेरा छातीच्या वरच धरायचा. मी खाटेखाली धूळ खात पडले.

खोलीतला सोबती, पेणचा अब्बास, चिडायचा. "अरे, सांग ना तिला!"

"दोन पायांवर पाठवलं होतं तिने मला," जुहेब म्हणायचा आणि भिंतीकडे तोंड करायचा.

एके दिवशी आमनाबी फोनवर म्हणाली, "सुट्टी नाय तर नाय. मी पासपोर्ट काढलाय."

"कशाला?"

"चार तासांचं तर हाय. मीच येते. मला काय, जेवून आडवंच व्हायचंय."

जुहेबने फोन हळूहळू खाली नेला आणि पाय दाखवला.

"दुखतं का रे?"

"आता नाय, अम्मी."

"मग तिथं कशाला बसलायस? घरी ये."

अब्बासने मला खाटेखालून ओढलं, पुसलं, भरलं. वाट तीच, तास तेच, पण असा शीण मला कधी आला नव्हता. मुंबईला जुहेब चाकाच्या खुर्चीत आणि मी मागे ट्रॉलीवर. आमनाबीने पायाकडे पाहिलंच नाही. दोन्ही हातांत त्याचा चेहरा धरला. "किती वाळलायस," म्हणाली. गाडीत मात्र पेण मागे पडेपर्यंत तिचा हात त्याच्या दुमडलेल्या पँटवरून हलला नाही.

जुहेब आता अष्टमीत दुरुस्तीचं दुकान चालवतो. मी कपाटावर असते, पोटात गोधड्या घेऊन.

परवा शेजारची रिझवाना आली. "चाची, भाऊ मस्कतला चाललाय. बॅग देता?"

"नाय गो," आमनाबी म्हणाली. "ती थकली हाय. ऱ्हाऊ दे तिला."

आजवर मला असं कुणी म्हटलं नव्हतं. खरंच थकलेय मी. माझं एक चाक निखळलंय, चेन अर्ध्यावर अडते. कुणाला दया आलीच तर धूळ तेवढी पुसा. चाक मात्र बसवू नका.