वाटीचं तोंड वर

"बाबा, वाळवंटात निघालात आणि बॅगेत पाइपचे दोन पाने कशाला, असं विमानतळावर विचारलं तर काय सांगाल?" मी म्हणाले.

"दुरुस्तीला चाललोय म्हणेन." बाबांनी बॅगेतून डोकंही वर काढलं नाही. "खोटं कशाला बोलायचं?"

आई दारात उभी होती. "लोक सहाराच्या वाळवंटात जाताना टोपी नेतात, गॉगल नेतात. यांनी ग्रीसचा डबा घेतलाय. सदरे घ्या म्हटलं तर म्हणतात, जागा नाही!"

"अगं, एक अंगावर, एक बॅगेत. तिथे मला कोण बघायला येणार आहे?"

ज्यानं बघायचं तो तिथेच होता, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

बाबांनी जन्मभर हापसे दुरुस्त केले. गावात त्यांना नावानं कुणी ओळखत नाही. 'हापसेवाले' म्हटलं की लहान पोरही घर दाखवतं. दादानं तेच काम उचललं आणि बोअर मारणाऱ्या एका कंपनीबरोबर सहारातल्या त्या देशात गेला. नकाशात तो देश नुसता पिवळा दिसतो. विमानतळावरून पुढे दोन दिवस ट्रक. तिथल्या एका खजुरीच्या वस्तीत पाणी वरच लागतं म्हणून दादानं सुट्टीच्या दिवशी, कुणी न सांगता, एक साधा हापसा बसवून दिला होता. फोनवर केवढा खूश होता! मग तापानं फणफणला, आणि ट्रकला यायला उशीर झाला. वस्तीतल्या लोकांनी त्याला हापशापासून हाकेच्या अंतरावर पुरलं. आमच्याकडे आली ती त्याच्या कपड्यांची पिशवी.

त्यानंतर बाबा घरात असून नसल्यासारखे झाले. कामावर जायचे, जेवायचे, भिंतीकडे तोंड करून झोपायचे. दोन वर्षांनी दादाच्या कंपनीतल्या वेल्डरचा फोन आला. बोलता बोलता तो म्हणाला, "काका, तो हापसा आता नुसता वारा ओढतो."

बाबा ताडकन उठून बसले. "वायसर गेला असणार. चामड्याचाच तो, किती दिवस टिकणार?"

त्या दिवसापासून आमच्या घरात प्रवासाची तयारी सुरू झाली. मुलाच्या मातीपाशी रडायला एवढ्या लांब जाणं बाबांना कधीच जमलं नसतं. पण बिघडलेला हापसा म्हटल्यावर त्यांना जायला निमित्त मिळालं. त्यांनी चांगलं जाड चामडं आणलं, वाटीच्या आकाराचे वायसर बनवले आणि बरणीत तेलात बुडवून ठेवले. चामडं तेल पितं तेव्हाच ते नळीला घट्ट धरतं. बरणी देवासारखी फळीवर बसली. हात लावायची कुणाची बिशाद नव्हती.

घोडं अडलं ते लसीपाशी. मी दवाखान्यात इंजेक्शनच्या खोलीत काम करते. त्या देशात शिरायला जी लस लागते, ती टोचायला बाबांना मीच मोठ्या रुबाबात घेऊन गेले. डॉक्टरांनी त्यांच्या दम्याच्या गोळ्या बघितल्या आणि मान हलवली. या गोळ्या चालू असताना ती लस देता येत नाही, आणि गोळ्या बंद करता येत नाहीत. शिवाय अशा फुप्फुसांनी तिथली धूळ खायला जायचं नाही.

घरी आल्यावर बाबांनी बॅगेतला सदरा काढून खुंटीला अडकवला.

"मला टोचता येते का गं ती?" आईनं विचारलं.

"तुला? तुला कशाला?"

"मी जाते. तू यांच्याजवळ राहा."

"अगं, जाऊन करशील काय?" बाबा म्हणाले. "तुला पाना कुठल्या बाजूला फिरवतात ते ठाऊक नाही."

"मग शिकवा. इतकी वर्षं तुम्ही बाहेरच्यांना शिकवलंत. घरातल्यांनी काय घोडं मारलंय?"

मागच्या अंगणात विहिरीवर बाबांचा सरावाचा जुना हापसा होता. दादा त्याच्यावरच शिकला होता. बाबा स्टुलावर बसले, आईनं पदर खोचला. तिनं वरचं झाकण काढलं, दांडा ओढून काढला, जुना वायसर सोडवून नवा बसवला, सगळं परत आवळलं. वरून तांब्याभर पाणी ओतलं. हापशाकडून पाणी घ्यायचं तर आधी त्याला द्यावं लागतं, असं बाबा म्हणत. मग ती हापसायला लागली. खटखट, खटखट. घामाघूम झाली, पण एक थेंब येईना.

"उलटा बसवलास," बाबा म्हणाले. "वाटीचं तोंड वर. तो पण पहिल्यांदा असाच—"

आणि ते हसायला लागले. दोन वर्षांत पहिल्यांदा हसले. "अगदी असाच! घामाघूम होऊन हापसतोय आणि मला म्हणतोय, बाबा, तुमच्या विहिरीतच पाणी नाही. हे तुझ्याकडून आलं होतं तर!"

आईही हसली. मग हसता हसता बाबांचा चेहरा वाकडा झाला आणि ते लहान मुलासारखे हुंदके देऊ लागले. आई तेलकट हातांनीच त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मी भांडी घासायच्या निमित्तानं आत पळाले.

आईनं लस घेतली. तिकीट निघालं. हात विसरू नये म्हणून ती रोज सकाळी अंगणातला हापसा खोलायची आणि लावायची. निघायला आठवडा राहिला असताना वेल्डर घरी आला. तो सुट्टीवर आला होता.

"काकू, तिकडचा रस्ता बंद केलाय," तो उभ्याउभ्याच म्हणाला. "वाटेत गोळीबार झाला. आता फक्त कंपनीचा ट्रक, तोही पहाऱ्यात. बाहेरच्या माणसाला सोडत नाहीत. मी परवा परत निघालोय."

"मग उघडेल तेव्हा जाईन," आई म्हणाली.

"कधी उघडेल ते कुणालाच माहीत नाही, काकू."

आईनं विचारलं, "तिथली माणसं पाणी कुठून आणतात रे आता?"

"लांबून. गाढवावरून."

आई उठली आणि फळीवरची बरणी खाली घेतली. बाबा अर्धवट उठले. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं. वायसर गेला की आपलं जाणंही गेलं. आईलाही ते कळलं असणार.

"अहो, आपल्या जाण्यासाठी त्यांना तहानलेलं ठेवायचं का?"

बाबा खाली बसले. मग आईनं वेल्डरला अंगणात नेऊन वायसर बसवायला शिकवलं. "वाटीचं तोंड वर," ती पुन्हा पुन्हा बजावत होती. "आमच्याकडे सगळे चुकतात तिथे."

महिन्याभरानं, एका दुपारी फोन आला. आवाज तुटत होता. "काका, बसवलाय. प्यायचं होतं ते पाणी वरून ओतलंय. लागेल ना?"

"हापस," बाबा म्हणाले.

मी फोन मोठ्या आवाजावर केला. खटखट, खटखट. बाबांनी डोळे मिटले होते. खटखट आवाज जरा जड झाला, आणखी जड झाला.

"लागलं," बाबा हळूच म्हणाले.

मग आम्हालाही ऐकू आलं. बादलीत पाणी पडत होतं. कुणीतरी बाई परक्या भाषेत ओरडली, पोरं किंचाळली.

"काकू, रांग लागलीये इथे," वेल्डर म्हणाला. "ठेवू का फोन?"

"नको रे. हापसू दे त्यांना. तू फोन तसाच धर."

आम्ही तिघं ऐकत राहिलो. मग फोन कट झाला. आईनं तो उचलून कानाशी नेला आणि तसाच धरून बसली. बाबा उठले. कोपऱ्यातल्या बॅगेतून त्यांनी दोन्ही पाने काढले, फडक्यानं पुसले आणि अंगणात जाऊन जुन्या खिळ्याला लावून ठेवले.