वाढीव आरसा

लेथवर आटे पाडण्यात माझा जन्म गेला. वस्तू फिरवायची तर हात लागतो, नाहीतर मोटर. माझी भाची मात्र म्हणायची, "मामा, उजेडसुद्धा वस्तू फिरवतो."

"मग खिडकी उघडल्यावर पंखा का फिरत नाही?" मी विचारायचो. तिच्याच प्रयोगशाळेच्या वर्कशॉपात मी कामाला, त्यामुळे ही चेष्टा रोजची.

त्या दुपारी तिने बोलावलं. जाऊन बघतो तर रडून डोळे लाल. चार वर्षं खपून लिहिलेला प्रबंध ती मागे घेणार होती, संध्याकाळी सरांना तसं सांगणार होती.

"कण फिरतोय, पण उलटा. माझं गणितच चुकलंय."

मी सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर पाहिलं. पाण्याच्या थेंबात स्फटिकाचा कण, केसाहून कितीतरी बारीक. खालून फक्त लेझरचा लाल उजेड येत होता आणि कण गरागरा फिरत होता. वायर नाही, पट्टा नाही, दात्यांचं चाक नाही. माझ्या अंगावर काटा आला. चेष्टा कुठल्या कुठे पळाली.

"उजेडाला पीळ असतो, डावा किंवा उजवा," ती म्हणाली. "त्या पिळाने कण फिरतो. मी डावा पीळ दिलाय आणि हा फिरतोय उजवीकडे."

डावे आटे, उजवे आटे, एवढं मला कळत होतं. डाव्या आट्यांचा बोल्ट आरशासमोर धरला की आत उजवा दिसतो.

आरसा! मागच्या महिन्यात ती रजेवर असताना टेबल सरकवलं, तेव्हा उजेड वळवायला मीच एक आरसा वाढवला होता. एवढ्याशा आरशाने काय होतंय, म्हणून तिला सांगितलंही नव्हतं. चाळीस वर्षांत माझ्या कामात कुणी खोट काढली नव्हती. गप्प बसलो असतो तर आजही निघाली नसती.

"पोरी, पीळ दिल्यावर पुढे आरसे किती?"

"दोन."

"तीन. तिसरा माझा."

"म्हणजे तिसऱ्याने पीळ उलटला, गणित बरोबरच होतं!" मग तिने पीळ देणारी काच हळूहळू वळवली. कण मंदावला, थांबला आणि डावीकडे फिरू लागला.

"मामा, तू ना!" ती हसत होती आणि रडतही होती. मला चांगलं झापून, प्रबंध उचलून ती सरांकडे धावली. दारातून ओरडली, "लेझर बंद कर रे!"

माझा हात बटणावर गेला. दाबलं असतं तर तो कण थांबला असता. मी हात मागे घेतला आणि स्टूल ओढून बसलो.